सरकारी आकडेवारीची साइट सुधारताय? आधी सर्च बघा

होमपेजला लगेच हात लावू नका. आधी सर्चचे लॉग, म्हणजे लोकांनी साइटवर काय काय शोधलं त्याची नोंद काढा, लोक टाईप करतात 'महागाई' आणि साइटवर नाव असतं 'ग्राहक किंमत निर्देशांक', मग सापडणार कसं, दोन्ही शब्द एकाच पानाला जोडा. मेनू खात्यांप्रमाणे नको, विषयाप्रमाणे लावा. पानावर सगळ्यात वर ताजा आकडा, तो कुठल्या महिन्याचा, पुढचा कधी येणार. तक्ते पीडीएफमधे कोंबू नका राव, सीएसव्ही द्या, म्हणजे एक्सेलमधे सरळ उघडणारी साधी फाइल. मग पाच जणांना बसवून 'बेरोजगारीचा ताजा दर शोधून दाखवा' म्हणा आणि नुसतं बघत बसा, मधे बोलायचं नाही, हेच सगळ्यात अवघड जातं. आणि हो, जुन्या लिंका रिडायरेक्ट करा, म्हणजे त्या आपोआप नव्या पानावर नेतील, नाहीतर अभ्यासकांच्या शिव्या ठरलेल्या.