नऊ आकडी नंबर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसातून फोन आला, "नंबर बरवल्दु री." येणाऱ्या फोनचा नंबर दिसत नव्हता. आयटीआय करून मला चारच महिने झाले होते, आणि ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणाऱ्या मशीनची, कामं करणाऱ्या ज्या दुकानात मी हेल्पर होतो तिथले काका त्या दिवशी कोल्हापूरला गेलेले. वायर खाचेत बसवायचं क्रोन टूल, जम्पर वायर आणि प्रोग्रॅमिंग कोडची झेरॉक्स पिशवीत टाकून मी एकटाच निघालो.

गेल्या गेल्या ऑपरेटरताईंच्या टेबलाशी बसलो आणि थेट प्रोग्रॅमिंगमध्ये शिरलो. ट्रंकचा, म्हणजे बाहेरच्या लाइनीचा, सीएलआय (कॉलर आयडी) डीटीएमएफवरून एफएसके केला, परत डीटीएमएफ केला. नंबर पाठवायच्या या दोन पद्धती. फरक पडेना. मग अंगात आलं आणि अख्खी सिस्टीम डिफॉल्टला टाकली. नंबर आले नाहीतच, पण मालकांच्या केबिनचं २१ नंबरचं एक्स्टेंशन गेटवर वॉचमनकडे वाजायला लागलं, आणि एसटीडी बंद केलेले कारखान्यातले सगळे फोन मोकळे झाले. रात्री नऊपर्यंत जुन्या कागदावरून एकेक एक्स्टेंशन बसवत होतो. मालक काही बोलले नाहीत, दोनदा फक्त घड्याळाकडे बघितलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पिशवीतून डिस्प्ले असलेला एक साधा फोन काढला. बाहेरून येणारी तारांची जोडी ईपीएबीएक्सपासून सोडवून त्या फोनला लावली आणि मला म्हणाले, मोबाइलवरून लाव. स्क्रीनवर नऊ आकडे उमटले. परत लावला, आठ. "मशीनला कशाला हात घातलास गा? नंबर बाहेरच मोडतोय की." मशीनला अपुरा नंबर पटत नव्हता, म्हणून ते रिकामी जागा दाखवत होतं.

बाहेर भिंतीवरचा डबा उघडला. आषाढातला पाऊस, झाकणाची रबरी पट्टी कधीच गेलेली, जोडावरचं तांबं हिरवं पडलेलं. ओल्या बोटांनी वायर सोलत होतो, तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि असा झटका बसला की पकड हातातून सुटली. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, पण घंटी येते तेव्हा ७५च्या आसपास एसी येतो. हात कोरडे ठेवा. दोन बोटं वायर कापून जोड नवा केला, आणि दहाच्या दहा आकडे आले.

बोलणं नीट ऐकू येत असताना नंबरच का मोडावा? आपल्याकडच्या बऱ्याच तांब्याच्या लाइनींवर नंबर डीटीएमएफने येतो. आपण बटणं दाबताना जे सूर ऐकतो तेच सूर एक्स्चेंज पहिल्या घंटीच्या आधी भराभर पाठवतं. एका आकड्याला दोन सूर. त्यात जरा खरखर मिसळली की तो आकडा गळतो. माणूस अर्धा शब्द ऐकूनही समजून घेतो, मशीन घेत नाही.

एफएसकेची तऱ्हा वेगळी. त्याच्या नेहमीच्या प्रकारात नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो. ऑटो अटेंडंट, म्हणजे मशीनचं आपोआप फोन उचलणं, पहिल्याच घंटीला होत असेल तर नंबर यायच्या आधीच दार बंद. तिथे दुसऱ्या घंटीनंतर उचलायला लावा. हल्ली तांब्याची लाइन जाऊन फायबर आलेल्या ऑफिसांत 'कालपर्यंत येत होता, आजपासून बंद' अशी तक्रार फार येते. फायबरच्या डब्याचा फोन पोर्ट पुष्कळदा एफएसके देतो आणि ईपीएबीएक्स जुन्या डीटीएमएफवरच बसलेलं असतं. ट्रंक कार्डाची सेटिंग बदलायची वेळ ती.

पीआरआय, म्हणजे डिजिटल लाइन, असेल तर हे काही नाही. तिथे एका लाइनवर ३० बोलणी चालतात आणि नंबर कॉलच्या निरोपातच लिहून येतो, सुरांचा संबंध नाही. तिथे नंबर नसला तर समोरच्याने लपवला आहे का ते बघा, नाहीतर कंपनीकडे तक्रार टाका.

ऑपरेटरकडे दिसतो आणि केबिनमध्ये दिसत नाही, असं असेल तर दोष बाहेरच्या लाइनीचा नाही. की-फोन, म्हणजे मशीनचा स्वतःचा डिस्प्लेवाला फोन, आपोआप दाखवतो. साध्या फोनसाठी त्या पोर्टवर सीएलआय चालू करावा लागतो, आणि फोनला मशीनची पद्धत कळायला हवी. आधी दोन फोनांची अदलाबदल करून बघा, निम्मं काम तिथेच होतं. कॉल जोडून देताना साहेबांना ऑपरेटरचाच नंबर दिसतो ही तक्रार तर ठरलेली. ताई आधी साहेबांशी बोलतात, तेव्हा कॉल ताईंचाच असतो. बिघाड नाही, समजावून सांगा आणि चहा घ्या.

आपल्या भागात 'नंबर येत नाही' हे कन्नड, मराठी, हिंदी तिन्हींत ऐकू येतं आणि त्याचा अर्थ दर वेळी निराळा निघतो. अजिबात येत नाही, अपुरा येतो, एकाच टेबलावर येत नाही, की आलेल्या नंबरावर परत फोन लागत नाही, हे निघायच्या आधीच विचारून घ्या. शेवटच्या प्रकारात कॉलर आयडीची चूक क्वचितच असते. निपाणीच्या एका व्यापाऱ्याकडे मी दोन फेऱ्या वाया घालवल्या. मिस्ड कॉलमध्ये मोबाइलचे दहाही आकडे बरोबर, पण बटण दाबलं की फोन लागायचा नाही. बाहेरची लाइन घ्यायला एक शून्य, आणि १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला आणखी एक. मशीन एकच लावत होतं. बेळगावच्या ०८३१चं आणि कोल्हापूरच्या ०२३१चंही तेच: नंबर शून्याशिवाय नोंदला गेला की परत लागत नाही. कॉलबॅकला पुढे काय जोडायचं याची सेटिंग असली तर भरा, नसली तर ऑपरेटरच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवा. निपाणीत मी चिठ्ठीच चिकटवली, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये.

डिस्प्लेचा तो साधा फोन आता माझ्या पिशवीत असतो. आणि प्रोग्रॅमिंगला हात लावण्याआधी सगळ्या सेटिंगचा बॅकअप घेतो. बॅकअपची सोय नसेल तर वहीत उतरवतो, मग मालक कितीही घाई करोत.