ॲशच्या झाडात भुंगेरा कधी शिरला, हे वलयांवरून कसं काढायचं

ॲश या थंड प्रदेशातल्या झाडाला मारणारा एमराल्ड ॲश बोअरर हा चमकदार हिरवा भुंगेरा अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळ ओळखला गेला २००२ मध्ये, पण तो आशियातून तिथे येऊन पोचला होता त्याच्या बराच आधी, आणि हे सांगितलं मेलेल्या झाडांनीच. संशोधकांनी आग्नेय मिशिगनमध्ये साधारण ४.८ किमीच्या चौकटी आखून हजारावर ॲशच्या झाडांचे नमुने काढले, तर सगळ्यात जुने मृत्यू १९९७ च्या आसपासचे निघाले.

सुरुवात सालीपासून करा. साल सोलली की आत नागमोडी बोगदे दिसतात, बारीक भुशाने गच्च भरलेले, आणि बाहेरून ३-४ मिमीची डी अक्षरासारखी भोकं. हे दिसत नसेल तर ते झाड सोडून द्या, ॲश इतर कारणांनीही मरतो.

मग इन्क्रिमेंट बोअररने (खोडात फिरवायचा पोकळ गिरमिट) छातीच्या उंचीवर पेन्सिलपेक्षा बारीक असा लाकडाचा कोअर, म्हणजे गोल कांडीसारखा नमुना, काढायचा, शक्यतो दोन बाजूंनी, आणि जिथे साल अजून घट्ट चिकटून आहे तिथूनच, कारण साल गेली की बाहेरची एक-दोन वलयंही (खोडात साधारण दर वर्षी एक बनतं) कुजून गेलेली असू शकतात आणि मग तुमचं मृत्यूचं वर्ष चुकलंच समजा. कोअर कागदी स्ट्रॉमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. वाळला की खाच असलेल्या पट्टीवर चिकटवून पॉलिश पेपरने घासा, आधी जाड मग बारीक, अगदी ४०० नंबरपर्यंत. ॲशमध्ये वसंतातली मोठी छिद्रं ओळीने दिसतात, आपल्या सागासारखीच, त्यामुळे वलयं वाचायला सोपी जातात.

पण नुसती मोजू नका हो! इथेच बहुतेक जण फसतात. मरायला टेकलेलं झाड एखाद्या वर्षी वलय बनवतच नाही, मग बाहेरून उलटं मोजलं की सगळी वर्षं सरकतात. म्हणून क्रॉसडेटिंग: जवळच्या निरोगी झाडांत अरुंद वलयांची वर्षं शोधा (१९८८ चा दुष्काळ बघा), आणि तो पॅटर्न मेलेल्या झाडाशी जुळवा. शेवटच्या वलयात फक्त मोठ्या छिद्रांची ओळ असेल आणि पुढचं दाट लाकूड नसेल, तर झाड त्याच वर्षी वाढीच्या सुरुवातीला गेलं.

आता जे वर्ष हातात आलं ते मृत्यूचं, भुंगेऱ्याच्या आगमनाचं नाही. अळ्या सालीखाली अन्नरसाचा मार्ग तोडत राहतात, झाड मरायला काही वर्षं जातात, आणि त्याआधी भुंगेऱ्यांची संख्या वाढायलाही वेळ लागतो. म्हणूनच १९९७ वरून मागे जात मिशिगनचं उत्तर आलं १९९० च्या दशकाचा पहिला अर्धा भाग. एका झाडावरून हे काढू नका, भरपूर झाडांची वर्षं नकाशावर टाका, सगळ्यात जुनी जिथे गोळा झालेली दिसतील तिथूनच पसरायला सुरुवात झाली असणार.