कार सीटमध्ये झोपलेल्या बाळाची मान पुढे पडते तेव्हा

नाशिकहून मुंबईला निघालं की घोटीपर्यंत बाळ झोपतं आणि हनुवटी छातीवर टेकते. दिसायला गोड, पण तान्ह्या बाळाचा श्वास यात अडू शकतो. लगेच गाडी बाजूला घ्यायची.

दोष बहुतेक वेळा सीटच्या कोनाचा असतो. गाडीची मागची सीट मुळातच पाठीकडे उतरती, त्यामुळे मागे तोंड करून लावलेली कार सीट जास्त उभी बसते. गाडी सपाट जागेवर उभी करून (घाटात नाही!) सीटवरची कोनाची खूण बघा; तान्ह्यासाठी साधारण 45 अंश. सीट त्याहून उभी असेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल, तरच घट्ट गुंडाळलेला टॉवेल कार सीटच्या पायथ्याखाली, जिथे गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक मिळते तिथे, दाबून बसवा. मग गाडीचा बेल्ट जातो तिथे कार सीट धरून हलवा. 2.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा.

मानेची वेगळी उशी मात्र नको, ती डोकं उलट पुढे ढकलते. पट्टे सैल करणं त्याहून वाईट. खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला तर तो ढिलाच आहे.

डिसेंबरातल्या थंडीत जाड स्वेटर काढून आधी पट्टे आवळा, गोधडी वरून पायांवर. मोठं, पुढे तोंड करून बसणारं मूल झोपेत एका बाजूला कललं तर चालतं, श्वास मोकळा हवा. कसारा घाटाआधी इगतपुरीला थांबून बाळाला बाहेर काढून आडवं करा.