कचऱ्याचा डबा आणि ओंबुड्समन : माझा अनुभव

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. बाबांना ‘असिस्टेड कलेक्शन’ मंजूर होतं, म्हणजे कचऱ्याचा डबा गाडीवाल्यांनी दारातूनच न्यायचा. तरी डबा सारखा राहायचा. फोन केला की नुसतं ‘सॉरी’! शेवटी कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) लेखी तक्रारीचे सगळे टप्पे संपवून लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओंबुड्समनकडे गेलो, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे. (फुकट आहे, पण अडचण कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं.) मी एकच धरून बसलो: चूक होते कुठे? निघालं असं की आमचा पत्ता ऑफिसच्या यादीत होता, गाडीवरच्या यादीत नव्हताच. तक्रार मान्य झाली. माफी, किरकोळ भरपाई आलीच; पण खरं कामाचं कलम पुढचं. कौन्सिलने अशा सगळ्या पत्त्यांच्या दोन्ही याद्या ताडून पाहायच्या आणि केल्याचा पुरावा ओंबुड्समनला द्यायचा. अर्जात ‘इतरांचंही असंच होत असेल, तपासा’ हे आवर्जून लिहा.