सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी: जुन्या बोर्डवर रॅमचं व्होल्टेज वाढवण्याची तयारी

आधी रॅम बघा, बोर्ड नंतर. एनफोर्स२ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर ॲथलॉन एक्सपी प्रोसेसर, आणि बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जच्या मेनूत) रॅमच्या व्होल्टेजची यादी २.८ नाहीतर २.९ ला संपलेली. २००३ च्या आसपासचं मशीन ज्यांनी हौसेनं जपलंय, त्यांना हे ओळखीचं असेल. रॅम ठरल्यापेक्षा वेगानं पळवायला त्यापुढे जायचं तर बोर्डवर स्वतःच्या हातानं एक तार जोडावी लागते. पण त्या तारेचं चीज होतं ते मुख्यतः एकाच जातीच्या रॅमवर, विनबॉन्डच्या बीएच-५ चिप्सवर. डीडीआर४०० चं ठरलेलं व्होल्टेज २.६, या चिप्स ३.२ व्होल्टवर २-२-२ टायमिंग (रॅमच्या थांबण्याचे आकडे, कमी तितके चांगले) न सोडता २०० मेगाहर्ट्झच्या बऱ्याच पुढे पळतात. सॅमसंगच्या टीसीसीडी चिप्सचा स्वभाव नेमका उलटा, त्या २.८ च्या आसपासच खूश असतात. त्यांना जास्त पाजून काही मिळत नाही.

स्टिकरवर विसंबू नका. तेव्हा एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या पट्ट्यांत वेगवेगळ्या चिप्स येत असत. हीटस्प्रेडरच्या, म्हणजे चिप्सवरच्या पत्र्याच्या, फटीतून टॉर्च मारून अक्षरं वाचता आली तर उत्तम. नाहीतर हेअर ड्रायरनं गोंद मऊ करून पत्रा सावकाश सोडवा, जोर लावाल तर चिपच पत्र्याबरोबर येईल. पत्रा काढायचा जीव होत नसेल तर सरळ चाचणी घ्या: २-२-२ ठेवून बायोसमधूनच २.६, २.७, २.८ असं चढत जा आणि प्रत्येक पायरीला घड्याळ किती मेगाहर्ट्झ पुढे सरकतं ते लिहून ठेवा. सरकत नसेल तर तुमचं काम इथेच संपलं, आणि खर्चही वाचला.

रॅम पास झाली की बोर्डकडे वळा. पहिली नजर कपॅसिटरवर. त्या काळातल्या सदोष इलेक्ट्रोलाइटनं कितीतरी कंपन्यांचे बोर्ड मारले. डोकं फुगलेलं, तळाशी तपकिरी ओल दिसणारं एकही नळकांडं असेल तर आधी ते बदला. फुगलेल्या कपॅसिटरवर वाढीव व्होल्टेज म्हणजे मोडक्या शिडीवर आणखी एक माणूस चढवणं.

मग मल्टिमीटर. त्यातली ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला. बॅटरी उतरली की बरेच स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, आणि आपलं सगळं काम एका दशांशावर चालणार आहे. बायोसमधला आकडा फक्त तोंडओळखीपुरता धरा. खरं व्होल्टेज रॅमच्या स्लॉटजवळच्या मॉसफेटच्या (वीज नियंत्रित करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) किंवा कॉइलच्या बाहेरच्या टोकाला मोजायचं. त्याच मॉसफेटच्या आत येणाऱ्या टोकाला किती आहे तेही बघा, कारण पुढचं गणित त्यावर आहे. तिथे ३.३ व्होल्ट दिसले, तर रॅमची वीज एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) ३.३ च्या लाइनवरून येतेय. तिथून ३.२ मागणं म्हणजे मधल्या मॉसफेटला श्वास घ्यायला ०.१ व्होल्ट ठेवणं. त्यात एटीएक्सच्या, म्हणजे पीसी पॉवर सप्लायच्या मानकाच्या, नियमानं ती लाइन पाच टक्के खाली, म्हणजे ३.१४ वर आली तरी एसएमपीएस ‘चांगला’च ठरतो. असा बोर्ड असेल तर लोडवर ३.३ घट्ट धरणारा एसएमपीएस आधी, तार नंतर. आत ५ व्होल्ट येत असतील तर जागा भरपूर आहे, पण चूक झाली तर ते पाचही रॅमच्या दिशेनं निघतील.

एक मोजमाप बहुतेक जण विसरतात. रॅमच्या सिग्नलच्या ओळींना टोकाशी टर्मिनेशनचं (सिग्नल परत उसळू नये म्हणून दिलेलं) व्होल्टेज लागतं आणि ते नेहमी रॅमच्या व्होल्टेजच्या निम्मं असायला हवं. स्लॉटशेजारी बारक्या रेझिस्टर पॅकची रांग असते, तिच्या एका बाजूला ते मिळतं. २.६ ला १.३, आणि बायोसमधून २.८ केल्यावर १.४ दिसलं तर ते आपोआप मागे येतंय. हलत नसेल तर एका तारेनं भागणार नाही. ३.२ ची रॅम १.३ च्या टर्मिनेशनवर चालवली की मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) चुकांच्या लाल ओळींचा पाऊस पडतो, आणि माणूस दोष रॅमला देत बसतो. ही परीक्षा सोल्डरचा एक थेंबही न लावता होते, म्हणून ती आजच करा.

आता मुख्य भाग, गणित. रॅमचं व्होल्टेज सांभाळणारा कंट्रोलर स्वतःच्या एका संदर्भ व्होल्टेजशी तुलना करत असतो. आउटपुटपासून जमिनीपर्यंत दोन रेझिस्टर एकाखाली एक असतात आणि त्यांच्या मधला बिंदू कंट्रोलरच्या फीडबॅक पिनला जातो. खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक रेझिस्टर जोडला की कंट्रोलरला आउटपुट कमी वाटतं आणि तो ते वाढवतो. कंट्रोलरचा नंबर भिंगातून वाचा, त्याची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) मिळवा, फीडबॅक पिन कोणती ते त्यातच बघा. दुसऱ्या कुणाच्या बोर्डचा फोटो बघून पिन ठरवू नका. एकाच बोर्डच्या दोन आवृत्त्यांत कंट्रोलर बदललेला असू शकतो.

समजा संदर्भ ०.८ व्होल्ट, वरचा रेझिस्टर २.२५ किलोओहम आणि खालचा १ किलोओहम. आउटपुट येतं २.६. ते ३.२ व्हायला खालची बाजू ७५० ओहम हवी, म्हणजे समांतर ३ किलोओहम. दुकानात मल्टिटर्न प्रीसेट (पेचकसानं फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) मागा, २५ फेऱ्यांचा, उभा निळा ठोकळा. लोक सुरक्षित म्हणून ५० किलोचा घेतात. सुरुवात त्याची खरंच सुरक्षित असते, पण एका फेरीत २ किलोओहम सरकतात आणि शेवटी हवी ती जागा सापडत नाही, पेचकस जरा हलला की दोन दशांश उडी. याउलट १ किलोचा लावला तर पहिल्याच क्षणी गणित ४.४ व्होल्ट मागतं. माझी निवड: १० किलोचा प्रीसेट आणि त्याला सिरीजमध्ये २.२ किलोचा साधा रेझिस्टर. प्रीसेट पूर्ण असताना २.७५, ३.२ साठी प्रीसेटवर ८०० ओहम, आणि प्रीसेट शून्यावर गेला तरी सगळं ३.४२ वर अडतं. तो दीड रुपयाचा रेझिस्टर या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. डीडीआर चिप्सच्या डेटाशीटमध्ये मोडण्याची हद्द साधारण ३.६ व्होल्ट छापलेली असते, आणि ती राहण्याची जागा नव्हे. हे आकडे उदाहरणाचे. तुमच्या बोर्डचे दोन रेझिस्टर मोजून तुमचं गणित पुन्हा मांडा. बोर्डवरच मोजताना वायर काढलेली, सेल काढलेली, आणि तरीही आकडा छापील किमतीपेक्षा कमी येईल हे धरून चाला, कारण आजूबाजूचं सगळं समांतर असतं.

प्रीसेट लावण्याआधी मोजून पूर्ण टोकाला न्या. दुकानातून तो कुठेतरी मधे फिरलेला येतो. माझा पहिला बोर्ड याच आळसानं गेला, आणि तेव्हा सिरीज रेझिस्टरही नव्हता.

सामानासाठी पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशी एक फेरी पुरते. बारीक टोकाचं आयर्न, शक्यतो तापमान धरणारं, नाहीतर २५ वॉटचं. ०.५ मिमी सोल्डर, फ्लक्स, विक (जादा सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी). तार ३० गेजची रॅपिंग वायर. नेटवर्क केबलमधली तांब्याची काडी वापरायचा मोह होईल, ती ताठ असते आणि एखाद्या धक्क्यात पॅडसकट उखडते. एक गोष्ट ध्यानात ठेवून तार ओढा: तार तुटली तर बोर्ड गुपचूप २.६ वर परततो, पण फीडबॅकची तार सिरीज रेझिस्टरच्या आधी कुठे जमिनीला टेकली तर आउटपुट वर पळतं. म्हणून सिरीज रेझिस्टर प्रीसेटकडे नाही, फीडबॅक पिनच्या अगदी जवळ जोडा. पुढची तार मग उघडी पडली तरी ३.४२ पेक्षा वर काही होत नाही. वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची पट्टी), प्रीसेटला बोर्डच्या मोकळ्या जागी हॉट ग्लू. स्थिर विजेची काळजी मुंबईच्या पावसाळ्यात फारशी जाणवणार नाही. पुण्याच्या डिसेंबरात स्वेटर काढून बसा.

रॅमवर ८० मिमीचा पंखा दोरीनं बांधायची सोय करून ठेवा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, २.६ चे ३.२ म्हणजे दीडपट.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी हार्ड डिस्कची वायर काढलेली असावी. बिघडलेली रॅम विंडोज लिहिताना फाइल्स मोडते, आणि ते दोन दिवसांनी कळतं. मेमटेस्टची सीडी किंवा फ्लॉपी आधीच चालवून बघितलेली, सीएमओएस क्लिअरचा (बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर आणणारा) जंपर कुठे आहे ते माहीत, आणि स्लॉटमध्ये बीएच-५ नाही, भंगारात मिळालेली २५६ एमबीची कुठलीही पट्टी. बळी तिचा. मल्टिमीटरचे प्रोब आधी लावून मगच बटण दाबायचं, २.७५ च्या जागी दुसरंच काही दिसलं तर एसएमपीएसच्या मागच्या खटक्यापर्यंत हात पोचायला हवा. आकडा बरोबर आला तर बंद करून चांगल्या पट्ट्या घाला, अर्धी-अर्धी फेरी फिरवत वर जा, दर वेळी मेमटेस्टची पाचवी चाचणी.

आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवायला एक चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवा: मूळ व्होल्टेज किती होतं, दोन रेझिस्टरचे मोजलेले आकडे, कंट्रोलरचा नंबर, आणि प्रीसेटचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की व्होल्टेज वाढतं ते.