डिपॉझिटचा वाद करारातच कसा मिटवावा

भाड्याच्या घराच्या डिपॉझिटवरून होणारी भांडणे घर सोडताना उफाळून येत असली, तरी त्यांचे मूळ बहुधा घर घेतानाच्या घाईत असते. एजंटने पुढे केलेल्या छापील मसुद्यात ‘अनामत रक्कम योग्य वजावटीनंतर परत केली जाईल’ एवढेच वाक्य असते आणि ‘योग्य’ म्हणजे काय, हे ठरवण्याची वेळ अकरा महिन्यांनी, सामानाचा टेम्पो दाराशी उभा असताना येते.

पहिला प्रश्न रकमेचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या आणि इतर वापराच्या जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याएवढी कमाल अनामत सुचवलेली आहे. तो नमुना राज्यांनी स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. तरीही बोलणी करताना भाडेकरूने हा आकडा अवश्य पुढे ठेवावा. रक्कम बँकेतूनच द्यावी, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, म्हणून खर्च वाचवण्यासाठी नोटरीवर भागवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. हा खर्च तरी किती? भाडे २०,००० आणि डिपॉझिट एक लाख असेल, तर अकरा महिन्यांचे भाडे व डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के, म्हणजे साधारण पावणेसहाशे रुपये मुद्रांक शुल्क पडते. नोंदणी फी वेगळी.

सर्वाधिक काळजी वजावटीच्या कलमाची घ्यावी. थकलेले भाडे, विजेचे अखेरचे बिल आणि प्रत्यक्ष मोडतोड एवढ्याच बाबी त्यात नावानिशी लिहाव्यात आणि प्रत्येक वजावटीसाठी पावती आवश्यक ठेवावी. रंगकामाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा, कारण खरी ओढाताण तिथेच होते. वापराने भिंतीचा रंग फिका पडणे हे नुकसान नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओट्याचा ग्रॅनाइट तडकला असेल, तर ते नुकसान. किल्ली घेतानाच ओटा, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा आणि ओल आलेले कोपरे यांचे फोटो काढून ते त्याच दिवशी दोघांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत.

‘नवा भाडेकरू आला की देतो’ हे उत्तर ऐकायचे नसेल, तर किल्ली आणि रक्कम एकाच वेळी हस्तांतरित होईल, असे करारात नमूद करावे. मालकाने डिपॉझिट अन्यत्र गुंतवले असेल, तर नोटीस मिळाल्यावर शेवटच्या महिन्याचे भाडे त्यातून वळते करण्याची सोय आधीच मान्य करून घ्यावी. मात्र पैसे अडले म्हणून मुदतीनंतर घर अडवून बसू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार अशा मुक्कामासाठी भाडेकरूकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि अडकलेले डिपॉझिट त्यातच संपू शकते.