कमी खर्चात बेंचरेस्टसाठी फ्रंट रेस्ट कसा निवडावा

बेंचरेस्ट म्हणजे रायफल टेबलावर टेकवून केलेली अचूक नेमबाजी, आणि रायफलीचा पुढचा भाग ज्यावर टेकतो तो फ्रंट रेस्ट. त्याच्या जाहिरातीत आधी नजरेत भरते ती जॉयस्टिक. एका दांडीने रायफल वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, काम झटपट होते, हे खरे. पण हात आखडता असेल तर तिचा नाद सोडा. पैसे घालायचे ते वजनावर आणि घट्ट सांध्यांवर. स्वस्तातली जॉयस्टिक सैल असण्याचीच शक्यता जास्त, आणि सैलपणा किती महागात पडतो ते हिशेब केला की कळते.

पुढचा रेस्ट आणि दस्त्याखालची मागची पिशवी यांत साधारण 70 सेंटीमीटर अंतर धरा. रेस्टचा माथा, म्हणजे पुढची पिशवी बसते तो वरचा भाग, फक्त 0.1 मिलिमीटर हलला, तर 100 मीटरवर नेम सुमारे 14 मिलिमीटरने सरकतो. जिथे पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात घालायची धडपड चालते, तिथे एवढ्याने खेळ संपतो.

आधी रायफल मोजा

रेस्ट बघायला जाण्याआधी फोरएंडची, म्हणजे नळीखालच्या दस्त्याच्या पुढच्या भागाची, रुंदी कॅलिपरने मोजा. शिकारी धाटणीच्या रायफलीचा फोरएंड अरुंद आणि खालून गोलसर असतो. बेंचरेस्टच्या रायफलीचा सपाट आणि बहुधा 3 इंच, म्हणजे 76 मिलिमीटर रुंद. 76 मिलिमीटरच्या पिशवीत अरुंद फोरएंड ठेवला तर तो डुलतो. म्हणून पिशवी बदलता येईल किंवा तिच्या बाजूचे गाल आत-बाहेर सरकतील असाच रेस्ट घ्या.

स्पर्धेत उतरायचे असेल तर नियमही आधीच वाचा. पुढचा रेस्ट आणि मागची पिशवी एकमेकांना जोडलेली बऱ्याच गटांत चालत नाही, त्यामुळे पुढचा-मागचा टेकू एकाच सांगाड्यात असलेले स्टँड तिथे बाद होतात. सरावालाही ते मला पटत नाहीत. त्यांवर वजने लादली की रायफलीला मागे सरकायला वाव राहत नाही, सगळा धक्का दस्ता सोसतो आणि लाकडी दस्त्याला तडा जाऊ शकतो.

बैठक आणि सांधे

बैठक बिडाची असेल तर उत्तम. ती ओबडधोबड दिसते, उचलताना हात भरून येतो, पण गोळी सुटल्यावर जागची हलत नाही. हलक्या ॲल्युमिनियमच्या नव्या रेस्टपेक्षा रंग उडालेला, वापरलेला बिडाचा रेस्ट मी कधीही पसंत करेन. फक्त त्याचे आटे झिजलेले नसावेत. पाय तीनच हवेत, कारण तीन पाय कुठल्याही टेबलावर न डुगडुगता बसतात. ते जितके फाकलेले तितके बरे. टोकदार पाय लाकडी टेबलात रुततात. सिमेंटच्या टेबलावर त्यांच्याखाली खळगा असलेल्या धातूच्या चकत्या ठेवा.

आता सांधे. उंचीचा खांब अर्ध्यावर आणा, लॉक आवळा, माथा दोन्ही हातांनी धरून पिळा आणि आडवा ढकला. ‘टक्’ असा बारीकसा आवाज आला किंवा बोटांना किंचित खेळ जाणवला, की तो रेस्ट खाली ठेवा. लॉक आवळताना माथा स्वतःच थोडा फिरतो का, तेही पाहा. हा दोष अनेक स्वस्त रेस्टमध्ये असतो आणि नेम धरल्यानंतरच तो त्रास देतो.

उंचीची चाकी

समजा स्क्रूच्या आट्यांचे अंतर 1.5 मिलिमीटर आहे. 100 मीटरवर नेम 5 मिलिमीटर उचलायचा तर स्क्रू जेमतेम 8 अंश फिरवावा लागतो. 3 सेंटीमीटर व्यासाच्या बटणाच्या कडेवर हे अंतर 2 मिलिमीटरच्या आसपास भरते. 10 सेंटीमीटरच्या चाकीवर 7 मिलिमीटरच्या वर जाते. म्हणून मोठी चाकी घ्या. ढोबळ उंचीसाठी वेगळी सोय असेल तर फारच छान.

आडव्या हालचालीचा स्क्रू असलेला माथा परवडला तर जरूर घ्या. नसला तरी अडत नाही, मागची पिशवी किंचित सरकवून काम भागते.

पिशवी

पिशव्या पुष्कळदा रिकाम्याच मिळतात. चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू चमच्याने थोडी थोडी भरा आणि मधूनमधून पिशवी आपटा. अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम दबेल इतकी ती कडक हवी. चामड्यावर टाल्कम पावडर चोळली की फोरएंड अडखळत नाही.

चाचणी

परत करायची मुदत संपण्याआधीच ही चाचणी करा. चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामे असल्याची खात्री करा आणि बोल्ट, म्हणजे ती जागा मागून बंद करणारा दांडा, काढून ठेवा. फोरएंड पिशवीवर ठेवा. नळी कशालाही टेकू देऊ नका. पट्टा अडकवायची कडी पिशवीजवळ येत असेल तर काढून टाका, नाहीतर धक्क्यासरशी ती पिशवीवर आदळते.

दुर्बिणीतली फुली एका ठिपक्यावर आणा. रायफल सरळ रेषेत 5 सेंटीमीटर मागे ओढा, पुन्हा पुढे ढकलून स्टॉपला, म्हणजे फोरएंडचे टोक अडवणाऱ्या रेस्टवरच्या अडसराला, टेकवा. फुली त्याच ठिपक्यावर परतली पाहिजे. मागे ओढताना ती वर-खाली गेली तर काळजी नको, निमुळत्या दस्त्यामुळे तसे होते. डावी-उजवीकडे पळाली, तर मागची पिशवी थोडी वळवून तिचे दोन्ही कान, म्हणजे दस्ता ज्यांच्यामध्ये बसतो ते उंचवटे, पुढच्या पिशवीच्या रेषेत आणा. रायफल नीट सरळ सरकते आहे, पण फुली दर खेपेला वेगळ्याच जागी थांबते, असे झाले तर माथ्याचे आणि स्टॉपचे स्क्रू आवळून पुन्हा बघा. तरीही तेच होत असेल तर रेस्ट खोक्यात भरा आणि परत पाठवा.